दंडाच्या वहीतली नावं

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. पण आज कविता आणली नाही. आणलीय ती ही दोनशे पानी वही. हिच्यात मेलेल्या माणसांची नावं आहेत, दंडाच्या रकमा आहेत, तारखा आहेत. रुक्ष वाटेल. सहन करा. कविता काय, पुढच्या महिन्यातही होतील.

गोष्ट सुरू झाली धाकट्या भावापासून. त्याचा इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि जात पडताळणीचा कागद मागितला. आम्ही बौद्ध. सरकार म्हणतं, १० ऑगस्ट १९५० च्या आधी तुमच्या घराण्यात कुणाच्या तरी नावापुढं 'महार' लिहिलेलं दाखवा. आज्जा शाळेची पायरी चढला नाही, तेव्हा दाखला नाही. नावावर जमीन नाही, तेव्हा सातबारा नाही. मी गोदीतल्या तीन पाळ्या बुडवल्या आणि तालुक्याच्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी कोतवाल बुकात नोंद सापडली. मोडीत होती. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं: मुलगी, वय दीड वर्ष, ताप येऊन मयत, बापाचं नाव अमुक, जात महार. तो बाप म्हणजे माझा पणजा.

माझ्या घराचा सगळ्यात जुना कागद म्हणजे एक मेलेली पोर. तिचं नाव लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला पोर नको होती, आकडा हवा होता. आणि ज्या शब्दातून बाहेर पडायला १९५६ साली आमच्या म्हाताऱ्यांनी नागपूरची वाट धरली, तोच शब्द मी तीन दिवस धूळ खात शोधला, आणि सापडल्यावर मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? झाला.

हे मी गोदीतल्या एका रिटायर टॅली क्लार्कला सांगितलं. काका वाचणारा माणूस. तो म्हणाला, "अरे, तू एक नोंद शोधलीस. तिकडं अमेरिकेत एका बाबानं अशा शेकडो घराण्यांच्या नोंदी शोधल्या. काळ्यागोऱ्यांनी लग्नं केलेल्या घराण्यांच्या. दोन-तीनशे वर्षांमागच्या. कशातनं, माहीत आहे? कोर्टाच्या आणि कराच्या वह्यांतनं." आणि त्यानं माझ्यासमोर पॉल हायनेग नावाच्या माणसाचं काम टाकलं. मला मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस मार्क. डिक्शनरी उशाशी घेऊन पाच महिने वाचत बसलो. ही वही त्या पाच महिन्यांची आहे.

हायनेग गोरा माणूस, धंद्यानं इंजिनिअर. बायको काळी, तिच्या आईकडचे लोक नॉर्थ कॅरोलिनाचे. बायकोची मुळं शोधायला म्हणून हा बसला तो उठलाच नाही. व्हर्जिनिया, मेरीलँड, डेलावेअर, दोन्ही कॅरोलिना, इथल्या इंग्रजी वसाहतीच्या काळातल्या वह्या त्यानं वाचून काढल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं पुस्तक निघालं आणि मग ते वाढतच गेलं. त्याच्या आधी लोक समजत, की गुलामगिरीच्या काळात जी काळी घराणी स्वतंत्र होती ती म्हणजे गोऱ्या मालकानं गुलाम बाईला दिलेली आणि मग दया येऊन सोडलेली पोरं. हायनेगनं वह्या पुढं ठेवल्या आणि सांगितलं, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या घराण्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हे खोटं आहे. ती निघाली गोऱ्या मोलकरणीच्या आणि काळ्या मजुराच्या पोटी. मालकाच्या दयेतनं नव्हे. दोन राबणारी माणसं एकमेकांना आवडली, त्यातनं.

आपल्या बापजाद्यांनी १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं ते ऑकलंडच्या काळ्या पोरांकडनं, त्यांनी १९६६ ला काढलेल्या संघटनेकडनं. पंजा आपण ओळखतो. त्यांचा पणजा मात्र आपल्याला माहीत नाही. म्हणून आज जरा खोलात जातो.

व्हर्जिनिया म्हणजे तंबाखू. इंग्रजांनी तिथं वसाहत टाकली आणि तंबाखूला माणसं लागली. इंग्लंड-आयर्लंडातले गरीब बापे आणि बाया जहाजभाड्याच्या बदल्यात चार-सात वर्षांच्या मुदतीवर स्वतःला लिहून देत. जो मालक एक माणूस आणेल त्याला माणशी पन्नास एकर जमीन. म्हणजे डोकं मोजायचं आणि जमीन घ्यायची. आमच्या टॅली शीटवर पेट्या उतरवतात तशी माणसं उतरवलेली. ऑगस्ट १६१९ मध्ये एका लुटारू जहाजानं वीसेक आफ्रिकन माणसं तिथं आणून धान्याच्या बदल्यात विकली. आणि १६३५ च्या एका मालकाच्या यादीत एक नाव आहे: 'टोनी, ईस्ट इंडियन'. ईस्ट इंडियन म्हणजे आपल्याकडचा. पुढच्या शतकातही तिथल्या कोर्टांत 'ईस्ट इंडियन' नोकर उभे राहून आमची मुदत संपली, आम्हाला सोडा, असं मागताना दिसतात. यांची पोरंही पुढं वह्यांमध्ये मुलाटो म्हणून लिहिली गेली. मुलाटो हा शब्द खेचरावरनं आला म्हणतात. घोडी आणि गाढवाचं पोर.

सुरुवातीला भिंत पक्की नव्हती, हे मला पहिल्यांदा कळलं ते एका माणसामुळं. १६२१ साली जहाजातनं उतरला तेव्हा वहीत नाव 'अँटोनिओ, नीग्रो'. राबला, सुटला, मेरी नावाच्या काळ्या बाईशी लग्न केलं, अँथनी जॉन्सन झाला. १६५१ ला त्याच्या नावावर अडीचशे एकर जमीन. १६५३ मध्ये आग लागून त्याचं नुकसान झालं, तेव्हा नॉर्थँप्टन काउंटीच्या कोर्टानं त्याच्या बायकोला आणि दोन पोरींना जन्मभराची करमाफी दिली. का, तर ही माणसं इथं तीस वर्षं कष्ट करून राहिलीत. त्या कोर्टाच्या वह्या १६३२ पासून सलग शाबूत आहेत, म्हणून हे आपल्याला कळतं.

पण याच जॉन्सननं जॉन कॅसर नावाचा दुसरा काळा माणूस हा आपला जन्माचा गुलाम आहे असा दावा लावला आणि १६५५ मध्ये जिंकला. मित्रहो, हे मी मुद्दाम सांगतो. काळा म्हणजे पवित्र, दलित म्हणजे निष्पाप, अशा कविता आपण पुष्कळ लिहिल्या. बाबासाहेबांनी 'श्रेणीबद्ध विषमता' म्हटलं ते उगाच नाही. पायरीवरच्याला आपल्या खाली कुणीतरी लागतं. आपल्या वधू-वर मेळाव्यात जो फॉर्म भरून घेतात त्यात पोटजातीचा रकाना कुणी घातला? ब्राह्मणानं येऊन घातला का?

जॉन्सनचं पुढं काय झालं तेही ऐका. तो म्हातारपणी मेरीलँडला गेला, १६७० मध्ये मेला. मागं राहिलेल्या व्हर्जिनियातल्या जमिनीबद्दल पंच बसले. म्हणाले, तो नीग्रो होता, म्हणजे परका होता, जमीन सरकारजमा करता येईल. पन्नास वर्षं राबून शेवटी परका! आणि १६७७ मध्ये त्याच्या नातवानं मेरीलँडात चव्वेचाळीस एकर घेतले. शेताला नाव काय दिलं? अँगोला. कागदात ते नाव आहे. मी ते वाचलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, आणि मला पुढं वाचवेना.

आता भिंत कशी बांधली ते बघा. आपल्याकडं भिंत इतकी जुनी आहे की ती देवानं बांधली असं सांगून भटांनी सुटका करून घेतली. व्हर्जिनियात मात्र ती तारीखवार बांधलेली दिसते, कुठल्या साली कुठली वीट बसली ते वहीत आहे.

१६४० मध्ये तीन नोकर पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉट, तिसरा जॉन पंच नावाचा काळा. गुन्हा एक. दोघा गोऱ्यांना चार वर्षं वाढीव नोकरी, जॉन पंचला जन्मभर. १६४३ मध्ये कर बसला. वसाहतीत डोईपट्टी होती आणि पट्टी लागू होणाऱ्या डोक्याला म्हणत टायदेबल. गोऱ्या बाईचं डोकं त्यात नाही, काळ्या बाईचं आहे. बघा, काळी आणि गोरी बाई वेगळी आहे हे पहिल्यांदा धर्मानं नाही सांगितलं, तलाठ्यानं सांगितलं. १६५६ मध्ये एलिझाबेथ की नावाच्या पोरीनं कोर्टात दावा जिंकला. बाप इंग्रज, विधिमंडळाचा माणूस. आई आफ्रिकन. इंग्लंडच्या रिवाजात पोराची प्रतिष्ठा बापावरनं ठरते, म्हणून मी स्वतंत्र, असं तिचं म्हणणं. तिचा खटला लढवणाऱ्या विल्यम ग्रिन्स्टेडशीच पुढं तिनं लग्न केलं. सहा वर्षं गेली आणि १६६२ मध्ये विधिमंडळानं ते दार बंद केलं: यापुढं पोर आईवर जाईल. आई गुलाम तर पोर गुलाम. मालकानं गुलाम बाईवर हात टाकला तर आता पाप नाही, नफा.

पण या कायद्याला एक भोक राहिलं. पोर आईवर जातं, तर आई गोरी असली तर? पोर स्वतंत्र! मोलकरणीच्या पोटचं पोर, बाप गुलाम, आणि तरी स्वतंत्र. तंबाखूच्या रानात बायाबापे, काळेगोरे एकत्र राबत, एकाच खोपटात झोपत. कायदा कितीही असो, माणसं माणसांसारखी वागणारच. १६७६ मध्ये बेकनचं बंड झालं तेव्हा शेवटपर्यंत शस्त्रं न टाकणाऱ्यांत ऐंशी काळे आणि वीस इंग्रज नोकर होते. एकत्र. मालकांच्या पोटात गोळा आला असणार. ज्यांनी एकत्र घाम गाळला, एकत्र बंदूक धरली, त्यांनी एकत्र घर केलं तर?

मेरीलँडनं १६६४ लाच कायदा केला होता, की गुलामाशी लग्न करणारी गोरी बाई नवरा जिवंत असेतो त्याच्या मालकाची नोकर, पोरं गुलाम. मग व्हर्जिनियाचा १६९१ चा कायदा आला. गोऱ्यानं किंवा गोरीनं काळ्याशी, मुलाटोशी, तिथल्या आदिवासीशी लग्न केलं तर तीन महिन्यांत वसाहतीबाहेर हाकलायचं. गोऱ्या बाईला लग्नाशिवाय मुलाटो पोर झालं तर पंधरा पौंड दंड. दंड नाही भरला तर पाच वर्षं तिला विकायची. पोर चर्चच्या पंचांनी तीस वर्षांचं होईपर्यंत बांधून द्यायचं. आणि दंडाची वाटणी? एक हिस्सा राजाला, एक चर्चच्या परगण्याला, एक खबर देणाऱ्याला. तिसरा हिस्सा खबऱ्याला! १७०५ मध्ये पोराची मुदत एकतीस वर्षं झाली, आणि असं लग्न लावणाऱ्या पाद्र्याला दहा हजार पौंड तंबाखू दंड. १७२३ मध्ये अशा बांधलेल्या पोरीला मुदतीत पोर झालं तर तेही एकतीस वर्षं. १७६५ ला कुठं ही मुदत मुलाला एकवीस आणि मुलीला अठरा झाली. माणसाची जवानी कायद्यानं मोजून घेतली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी सुटल्यावर माणसाजवळ राहतं काय? मी अठ्ठावीसचा आहे, माझी कंबर आत्ताच बोलते.

आता इथं थांबून मनुस्मृती आठवा. दहावा अध्याय. वरचा पुरुष आणि खालची बाई, त्याला अनुलोम म्हणून काही तरी जागा करून दिलीय. पण शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांचं पोर? चांडाळ. माणसांतलं सगळ्यांत नीच. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यानं मनू वाचलेला नव्हता. तरी तो त्याच जागी पोचला: मालकानं खालच्या बाईकडं जायला आडकाठी नाही, बाईनं मात्र खाली बघायचं नाही. कारण बाई खाली गेली की कोण कुणाचा मालक हा हिशेबच मोडतो. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि ते टिकवायला बाईला कोंडावं लागतं, जाळावं लागतं, हे त्यांनी तिथं मांडलं. त्या वेळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत काळ्यागोऱ्यांचं लग्न हा गुन्हा होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो निबंध पुस्तकी वाटला होता. या वह्या वाचल्यावर तो मला गोदीतल्या क्रेनसारखा दिसायला लागला. उचलतो म्हणजे उचलतोच.

तर मग ही माणसं सापडतात कशी? सापडतात ती छळाच्या कागदातच. लग्न बेकायदा, म्हणजे लग्नाच्या नोंदवहीत नाव नाही. पण काउंटी कोर्टाच्या वहीत बाईवर आरोप आहे: अमुकची नोकर अमुक, मुलाटो पोर, दंड. दुसरीकडं पंचांनी पोर बांधून दिल्याचा हुकूम आहे, त्यात पोराचं नाव आणि आईचं आडनाव. म्हणून या घराण्यांची आडनावं आईची. तीस वर्षांनी तेच नाव सुटकेच्या अर्जात येतं: माझी मुदत संपली, मालक सोडत नाही. मग ते कराच्या यादीत येतं. आणि कराची यादी म्हणजे खजिना. व्हर्जिनियात १७२३ पासून स्वतंत्र काळ्याच्या, मुलाटोच्या बायकोलाही पट्टी लागली. शेजारच्या गोऱ्याच्या बायकोला नाही. म्हणजे यादीत नवऱ्याच्या नावाखाली बायकोचं नाव दिसलं की समजायचं, हे घर आपलं. आणि बायकोचं नाव लपवलं म्हणून कोर्टात खेचलेले नवरेही वह्यांत दिसतात. विचार करा, गरीब शेतकरी, घरात बायको आणि दोन पोरी मोठ्या झालेल्या. शेजारी एका डोक्याची पट्टी भरतो, हा चार डोक्यांची. लपवणार नाही तर काय करील? १७६९ मध्ये तिथल्या विधिमंडळानं हा बायकापोरींवरचा कर काढला आणि कायद्यातच कबूल केलं, की हे ओझं भारी आहे आणि जन्मानं स्वतंत्र माणसांच्या हक्काला कमीपणा आणणारं आहे. सव्वाशे वर्षं घेऊन झाल्यावर.

एक वही पुरत नाही. कोर्टाची, चर्चची, कराची, जमिनीच्या खरेदीची, मृत्युपत्राची, अशा पाच वह्या शेजारी ठेवून एकच नाव धरून चालायचं. एकीकडं 'नीग्रो', दुसरीकडं 'मुलाटो', काउंटी बदलली की नावापुढं काहीच नाही. माणूस तोच.

आयरिश नेलची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एलिनॉर बटलर, मेरीलँडातली आयरिश मोलकरीण. १६८१ मध्ये तिनं चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केलं. खुद्द वसाहतीचा धनी लॉर्ड बाल्टिमोर तिला समजवायला आला, तुझी पोरं गुलाम होतील म्हणून. तिनं ऐकलं नाही. पोरं गुलाम झाली. नातवंडं गुलाम. त्यांच्यातल्या विल्यम आणि मेरी बटलर या जोडप्यानं, नव्वद वर्षांनी, आमची आजी गोरी होती म्हणून आम्ही स्वतंत्र, असा दावा लावला. गावातली म्हातारी माणसं कोर्टात आली आणि आईबापांकडनं ऐकलेलं सांगून गेली. १७७१ मध्ये वरच्या कोर्टात ते हरले. पण त्यांच्या पोरीनं, तिचंही नाव मेरीच, पुन्हा दावा लावला आणि १७८७ मध्ये जिंकली. एका मोलकरणीनं एका संध्याकाळी घेतलेला निर्णय एकशे सहा वर्षं कोर्टात चालला.

आणि पंच? १६४० मध्ये जन्माची शिक्षा झालेला जॉन पंच? त्याच्या वंशातलं म्हणून सांगितलं जाणारं बंच घराणं. १७०५ मध्ये जॉन बंच आणि सारा स्लेडन नावाची गोरी पोरगी यांनी अर्ज केला, की पाद्री आमचं लग्न लावत नाही. सरकारी वकिलालाही उत्तर येईना, कारण मुलाटो म्हणजे नक्की कोण हे कायद्यात लिहिलंच नव्हतं. त्याच वर्षी विधिमंडळानं लिहून टाकलं: काळ्याचं पोर, नातवंड आणि पणतवंडसुद्धा मुलाटो. दोन माणसांच्या लग्नामुळं व्याख्या करावी लागली! या घराण्याची एक फांदी पुढं गोऱ्यांत मिसळली. २०१२ मध्ये वंशावळ शोधणाऱ्यांनी कागद आणि डीएनए जुळवून सांगितलं, की बराक ओबामा बहुधा या जॉन पंचचे वंशज आहेत. केनियन बापाकडून नव्हे. कॅन्ससच्या गोऱ्या आईकडून.

गिब्सन घराणंही तसंच. १७३१ मध्ये सुतार गिडियन गिब्सन गोरी बायको आणि गोतावळा घेऊन साउथ कॅरोलिनात आला. विधिमंडळात खळबळ. गव्हर्नरनं स्वतः बोलावून चौकशी केली आणि राहू दिलं. त्याच्या वंशातला रँडल गिब्सन गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सैन्यात जनरल झाला, १८८३ ला सिनेटर झाला. वह्या बंद ठेवल्या की माणूस असा कुठंही पोचतो. आपल्याच आज्याच्या विरुद्ध लढायलासुद्धा.

पण वही कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं आहे. १९२४ मध्ये व्हर्जिनियानं वंशशुद्धीचा कायदा केला. जन्म-मृत्यू खात्याचा वॉल्टर प्लेकर नावाचा अधिकारी होता. त्यानं याच जुन्या कराच्या याद्या, याच नोंदी उपसल्या. हायनेगनं केलं तेच काम, फक्त उलट्या हेतूनं. तुमचा पणजा अमुक सालच्या यादीत काळा लिहिलाय, तेव्हा तुम्ही गोरे नाही, आदिवासीही नाही, असं म्हणून दाखले बदलले. १९४३ मध्ये काउंटीवार आडनावांची यादी काढून कारकुनांना पाठवली, ही नावं दिसली की सावध राहा म्हणून. टेनेसीच्या डोंगरात मेलंजन म्हणून लोक आहेत. ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, आम्ही पोर्तुगीज. २०१२ च्या डीएनए अभ्यासात पुरुषांकडनं आफ्रिका आणि बायकांकडनं युरोप निघाला. लोक चिडले. मी हसणार होतो, पण हसलो नाही. आपल्या चाळीतसुद्धा आडनाव बदलून नोकरीला जाणारे आहेत आणि ते का जातात हे मला माहीत आहे.

१९५८ मध्ये त्याच व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या नवराबायकोला रात्री झोपेतनं उठवून पकडलं. तो गोरा, ती काळी. शिक्षा: पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहा. १६९१ चा तोच तडीपारीचा हुकूम. सुप्रीम कोर्टानं तो कायदा मोडला १२ जून १९६७ ला.

आता माझं सांगतो आणि संपवतो.

मी एका मुलीशी लग्न करणार आहे. ती नर्स आहे, मराठ्याच्या घरची. गेल्या वर्षी आम्ही रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. १९५४ च्या कायद्यानं तीस दिवस नोटीस बोर्डावर लावतात, नाव, वय, पत्ता, धंदा सगळं. जात हे हरकतीचं कारण त्या कायद्यात कुठंच नाही. पण कागद बोर्डावर गेला की हरकत घ्यायला कायदा लागतो कुणाला? नवव्या दिवशी त्या नोटिशीचा फोटो तिच्या मामाच्या मोबाईलवर होता. कुणी काढला, त्याला तिसरा हिस्सा मिळाला की नाही, कळलं नाही. तिला गावी नेलं. फोन काढून घेतला. चार महिने. तीन महिन्यांत लग्न लागलं नाही की नोटीस मरते, ती मेली. मग एका सकाळी ती एसटीनं, अंगावरच्या कपड्यांनिशी, एकटी आली. माझ्यात एवढी हिंमत झाली असती का, मला सांगता येत नाही. नेल बटलरचं मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या चार्ल्सनं काय केलं ते लिहिलंय का कुठं?" मी वही चाळली. चार्ल्सचं विशेष काही लिहिलेलं नाही.

पोराचंही आमचं ठरत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये सांगितलंय, की आंतरजातीय जोडप्याचं पोर बापाच्या जातीचं असं सर्वसाधारण धरायचं, पण कुणात वाढलं, काय भोगलं, तेही बघायचं. ती म्हणते, जातीचा रकाना कोरा ठेवू. मी म्हणतो, कोरा ठेवला तर माझ्या भावाला ज्या कागदानं कॉलेज मिळालं तो कागद पोराला मिळणार नाही. ती म्हणते, भरला तर उद्या तुझा नातू तीन पाळ्या बुडवून त्याच रेकॉर्डरूममध्ये बसेल. दोघांचंही खरं आहे. भांडण चालू आहे.

दुसरी नोटीस लागलीय. आज अकरावा दिवस. कुठल्या कचेरीत ते इथं सांगत नाही. सही करायला तीन साक्षीदार लागतात. टॅली क्लार्क काका तयार आहेत, तिच्या वॉर्डातली एक आया तयार आहे. तिसरा अजून मिळालेला नाही. ज्याला यायचं असेल त्यानं वर्ग सुटल्यावर मला भेटावं, आधार कार्ड घेऊन. मी खाली पाण्याच्या टाकीजवळ थांबतो.